सुपरवायझरबाईंची सात घरं

"सात घरं झाल्याशिवाय मी हलायची नाही," शकूआत्या म्हणाली आणि तिनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला.

मी नुकताच गाडीतून उतरलो होतो. चिंचवडहून मिरजेपर्यंत सहा तास अंग आंबवून आलो होतो आणि घरात बसायला जागा नव्हती. म्हणजे खुर्ची होती, वेताची, चांगली ऐसपैस. पण तिच्यावर करड्या पट्ट्यांची एक मांजरी अंग पसरून पडली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी निमूटपणे ट्रंकेवर बसलो.

"कसली सात घरं?"

"अरे, व्याली ना ती मागच्या आठवड्यात. तीन पिल्लं आहेत. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, मग त्यांचे डोळे उघडतात. तुझ्या आजीनं कधी सांगितलं नाही? तीन घरं झालीत, चार राहिलीत. तेवढी झाली की निघू."

"आत्या, आज शुक्रवार. परतीची गाडी रविवारी अकराला दारात येणार आहे."

"मग तसं तिला सांग," आत्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी चिंचवडच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होतो. कुठला भाग कुठल्या मशीनवर किती वाजता चढणार हे आधी ठरवायचं आणि तसं का झालं नाही याचा खुलासा नंतर लिहायचा, हे माझं काम. ते मी फार हुशारीनं करतो अशी माझी समजूत होती.

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून चौतीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतरही आपल्या जुन्या, आठ बिऱ्हाडांच्या बैठ्या चाळीतच राहिली. त्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून तिनं मनगट मोडून घेतलं होतं. प्लास्टर निघालं, हात पूर्ववत झाला, ती स्वतः सगळं करू लागली, तरी आम्ही तिची काळजी करायचं सोडलं नाही. कारण आमच्या काळजीला तारीख होती. आमच्या सईचं पाळणाघर बंद होत होतं आणि अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला, सोमवारपासून नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. चार वर्षांच्या पोरीजवळ दिवसभर कुणीतरी हवं होतं. तेव्हा आत्यानं या वयात एकटीनं राहणं बरं नव्हे, हे आमच्या एकाएकी लक्षात आलं. मी ते इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं. आधीच्या चार वर्षांत मी मिरजेला एकदाही फिरकलो नव्हतो, तो भाग वेगळा.

तर रविवारी आत्या गाडीत बसली पाहिजे, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. आणि ते अडलं होतं एका मांजरीवर.

मांजरीचं नाव सुपरवायझर. "एक्स्चेंजमध्ये आमच्या पाठीमागं एक बाई फिरायच्या," आत्यानं खुलासा केला. "स्वतः काही करायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. हिची चाल अगदी तशीच आहे."

मांजर पाळणारी माणसं मला तोवर कधीच कळली नव्हती. कुत्रं पाळणाऱ्यांचं समजू शकतो. कुत्रं निदान शेपूट हलवतं, घर राखतं, मालक आला की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटू देतं. मांजराला हाक मारली तर ते कान फिरवतं, तोंड फिरवत नाही. घरातली उत्तम खुर्ची त्याची, साय त्याची, उन्हाची तिरीप त्याची. त्याबदल्यात ते आपल्याला त्या घरात राहू देतं. सुपरवायझरबाई तर उंदीरसुद्धा धरत नसत. माझ्या डोळ्यांदेखत एक उंदीर मोरीतून निघून पिंपामागं गेला आणि बाईंनी जांभई दिली.

"आत्या, हिचा उपयोग काय?" मी विचारलं.

"उपयोग?" आत्यानं हा शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड केलं. "चहा निवतोय तुझा."

संध्याकाळी मी पिल्लं कुठं आहेत ते पाहून आलो. पहिलं घर आत्याचं कपाट, दुसरं टोकाची बंद खोली, आणि तिसरं घर दस्तगीरचाचांचं दुकान. चाचा तंबोरे बनवायचे. चाळीच्या तोंडाशीच त्यांची पुढं दुकान, मागं बिऱ्हाड अशी जागा होती आणि तिथं वाळलेल्या भोपळ्यांची रास पडलेली असे. त्यातल्या एका कापलेल्या भोपळ्यात, लाकडाच्या भुश्शावर, तीन पिल्लं एकमेकांत गुंतून झोपली होती.

"हा भोपळा मुंबईच्या गिऱ्हाइकाचा हाय," चाचा म्हणाले. "त्यास्नी कळवलंय, लाकूड अजून वाळंना, पंधरा दिस थांबा."

"खोटंच सांगितलंत?"

"मग काय सांगू साहेब? मांजर बसलंय म्हणून सांगू?"

"पण ही इथून हलणार कधी?"

"ते तिच्या मनावर हाय." चाचांनी कानस उचलली. "तुमास्नी घाई हाय व्हय?"

मला घाई होती. त्या संध्याकाळी मी आत्याच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर वेळापत्रक मांडलं. चार घरं, प्रत्येकी अर्धा तास, मधल्या वाहतुकीला पाच-पाच मिनिटं. नऊला सुरू केलं तर साडेअकराच्या आत सात घरं पुरी. मांजरीला जे आठ दिवसांत जमलं नव्हतं ते मी एका सकाळीत करणार होतो. याआधी कुणालाच हे कसं सुचलं नाही, याचं मला खरोखर नवल वाटलं.

शनिवारी सकाळी आत्या पिशवी घेऊन मंडईत गेली. सुपरवायझरबाई खुर्चीत झोपल्या होत्या. मी बाहेरून दार ओढून घेतलं, भाकरीची दुरडी घेतली, तीत टॉवेल अंथरला आणि चाचांच्या दुकानात गेलो.

"साहेब, हात नका लावू," चाचा म्हणाले. "आई बघून घेती तिचं."

"आईला वेळ लागतोय," मी म्हणालो आणि पिल्लं उचलली. हातात धरल्यावर ती फारच लहान निघाली. एकानं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

चौथं घर चौगुले मास्तरांचं. मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी दुरडी टेबलाखाली ठेवू दिली, आणि मी घड्याळात वेळ बघत होतो तेव्हा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मला एक सांगा. उंबऱ्याच्या आत नुसतं ठेवलं की घर धरायचं, का मुक्काम पडावा लागतो?"

"अर्धा तास पुरे, मास्तर."

"हे कुणी ठरवलं?"

"मी."

"अस्सं," मास्तर म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसत असतील असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

पाचवं घर बाबरवहिनींचं. "या की भावजी," म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलं आणि चिवड्याची बशी पुढं केली. दुरडी दाराशी ठेवली होती, माझ्या पाठीमागं. वहिनींनी मला पुण्याचं पाणी, चिंचवडचं हवामान, सईची शाळा, अनघाचं माहेर असं सगळं विचारलं. इतक्या आस्थेनं माझी विचारपूस बऱ्याच दिवसांत कुणी केली नव्हती. मी दुसरी बशी संपवली, घड्याळ पाहिलं, चोवीस मिनिटं झाली होती. मागं वळून पाहतो तर दुरडीत नुसता टॉवेल.

"अगं बाई," बाबरवहिनी म्हणाल्या. "ती तर तीनदा येऊन गेली की. मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

आत्याच्या खोलीची मागची खिडकी उघडी होती, हे माझ्या वेळापत्रकात धरलेलं नव्हतं.

आत्या मंडईतून आली तेव्हा मी दारातच उभा होतो. सांगायचं टाळण्यासारखं नव्हतं, सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, ती आता ओरडेल. चौतीस वर्षं गावोगावच्या माणसांना एका वाक्यात गप्प करणारी बाई ती. पण तिनं फक्त "कुठं नेली?" एवढं विचारलं, आणि मला माहीत नाही म्हटल्यावर पायातल्या चपला न काढता तशीच बाहेर गेली.

त्या दिवशी सगळी चाळ पिल्लं शोधत होती. चाचांनी दुकान बंद करून चाळीस-पन्नास भोपळे एकेक करून उलटे करून पाहिले. मास्तरांनी शिडी लावून कौलांवर नजर टाकली. बंद खोली उघडली, बंब पाहिला, स्कूटरच्या डिकीतही पाहिलं. मागच्या आडातही मी डोकावून आलो. सुपरवायझरबाईंचाही पत्ता नव्हता. कुणी मला बोल लावला नाही, पण कुणी मला 'साहेब'ही म्हटलं नाही.

ऊन उतरल्यावर आत्या दुधाची वाटी घेऊन ओट्यावर बसली. मोडून सांधलेलं मनगट ती दुसऱ्या हातानं चेपत होती. दुधावर माशा बसत होत्या, त्या ती हाकलत होती.

"आत्या, येईल ती."

"माणसाचा वास लागला की टाकतात कधीकधी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "इतकुशी होती रे."

मला माझी लाज वाटली. मांजराची तीन पिल्लं, ज्यांचं मला काडीचं प्रेम नव्हतं, त्यांच्यासाठी मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोललो. त्यात रविवारची गाडी मी एकदाही आणली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या तीन दिवसांत माझ्या बाजूनं सांगण्यासारखं तेवढंच आहे.

रविवारी सकाळी जाग आली तर सुपरवायझरबाई खुर्चीत होत्या, काही घडलंच नाही अशा थाटात. आत्यानं कपाटाचं अर्धवट लोटलेलं दार उघडलं. खालच्या फळीवर, निवृत्तीच्या सत्काराला मिळालेल्या शालीवर, तिन्ही पिल्लं होती. एकाचा एक डोळा अर्धवट उघडलेला. आत्या जमिनीवर फतकल मारून बसली आणि तोंडाला पदर लावून हसली, का रडली, मला नीट दिसलं नाही. मीही तिच्या शेजारी बसलो.

उठलो आणि माझ्यातला प्लॅनिंगवाला जागा झाला.

"आत्या, मास्तरांचं आणि वहिनींचं धरलं तर हे सहावं झालं."

"तू फिरवलेली धरायची नाहीत. तिनं फिरवलेली धरायची."

"बरं, मग हे चौथं."

"चौथं कसं? मधे तू गोंधळ घातलास. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. हे पहिलं."

साडेदहालाच गाडी आली. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा वाजवला. आत्याची बॅग रिकामी, ती गॅसजवळ आरामात पोहे परतत होती. माझं डोकं फिरलं.

"आत्या, पुरे झालं हं! एका मांजरासाठी? काय देते ही तुला? हाक मारली तर येत नाही, उंदीर धरत नाही. आम्ही तुला घर देतोय, माणसं देतोय, नात देतोय. तुझ्यासाठी मी सगळं सोडून तीन दिवस इथं येऊन बसलोय!"

आत्यानं गॅस बंद केला.

"बुधवारी अनघाचा फोन आला होता," ती म्हणाली.

"अनघाचा?"

"तिनं सगळं सांगितलं. पाळणाघर, नोकरी, सोमवार. म्हणाली, आत्या, तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी येता का विचारतेय. नाही म्हणालात तरी मला राग नाही. चांगली आहे रे ती. मी म्हटलं, नंदू येतोय ना, त्याच्याशी बोलते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? शुक्रवारपासून वाट बघतेय. गॅस बंद करायचा का, विचारलंस. पेपर थांबवायचा का, विचारलंस. गुडघ्याला तेल कुठलं लावतेस तेसुद्धा विचारलंस. तुला यायचंय का, एवढं मात्र विचारलं नाहीस."

बाहेर तिसऱ्यांदा हॉर्न वाजला. मी दारातून हात हलवून ड्रायव्हरला थांबवलं.

"आणि ती सात घरं?"

"मी टेलिफोन खात्यात होते, नंदू. सात घरं हिंडल्यावर डोळे उघडतात असं मला खरंच वाटत असेल का? आठ-दहा दिवसांनी उघडतात, घरात ठेवा नाहीतर रस्त्यावर. भावाच्या पोराला तोंडावर नाही म्हणवेना. म्हटलं, चार घरं होईपर्यंत याच्या आपोआप लक्षात येईल. नाहीच आलं, तर सोमवार उजाडेल. तू दुरडी घेऊन फिरशील असं मात्र वाटलं नव्हतं हो."

"चाळीत ठाऊक होतं?"

"तू सोडून सगळ्यांना."

मला मास्तरांची मिशी आठवली, वहिनींची ती आस्था आठवली. मी ट्रंकेवर बसलो.

"आणि ही काय देते म्हणालास," आत्या पोह्यांवर कोथिंबीर घालत बोलत राहिली, तिच्या त्या जुन्या, सपाट, ड्यूटीवरच्या आवाजात. "चौतीस वर्षं माझ्या कानात माणसं बोलली. नंबर द्या, लवकर जोडा, अर्जंट आहे. माझ्याशी बोलायला एकानंही फोन उचलला नाही. ते असायचंच, खातंच तसलं. पण घरीही तेच. शकू, बाळंतपण आहे, ये. शकू, ऑपरेशन आहे, महिनाभर ये. गेले मी. आनंदानं गेले, कुणाला उणं बोलत नाही. पण काम नसताना कुणी आलंय, असं मला आठवत नाही. हिला दूध चाचांकडंही मिळतं, मास्तरांकडंही मिळतं. पोट भरलेलं असताना, काही नको असताना, ही येते आणि माझ्या शेजारी बसते. मग मनात आलं की उठून जाते. मला तेवढंच हवं असतं रे."

एवढं बोलून तिनं बशी माझ्यापुढं ठेवली. पोहे फार छान झाले होते, पण मी दोन घासांवर चमचा खाली ठेवला.

"आत्या, तुला आमच्याकडं यायचंय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. इतकं मोकळं, इतकं पटकन की आम्ही दोघंही हसलो.

सईसाठी कारळ्याच्या चटणीची बाटली घेऊन मी रिकाम्या गाडीतून परत आलो. अनघानं नोकरीवर हजर व्हायची तारीख आठवडाभर पुढं ढकलून मागितली आणि त्यांनी ती सहज दिली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या एक बाई सईला सांभाळायला तयार झाल्या. म्हणजे मी मिरजेला जाऊन जे केलं ते सगळं नाही केलं तरी चाललं असतं.

दिवाळीनंतर मी पुन्हा मिरजेला गेलो. काम काही नव्हतं. आत्या दिवसभर माझ्याकडे संशयानं बघत राहिली आणि निघताना चपला घालत होतो तेव्हा म्हणाली, "बोल आता, काय काढलं होतंस?" काही नाही म्हटलं तर तिला ते पटलं नाही. दुसऱ्या वेळी तिनं दारातच विचारलं, "कुणाचं ऑपरेशन आहे?" आणि रात्री पाहिलं तर तिनं दोन लुगडी घडी करून बॅगेत घालून ठेवली होती, लागलीच तर असावीत म्हणून. त्या बॅगेकडे बघून मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं नाही, पण वाट पाहिली.

चौथ्या खेपेला मी गेलो तेव्हा आत्या ओट्यावर मटार सोलत बसली होती. तिनं मान वर केली, मी आहे असं पाहिलं आणि पाय जरासे बाजूला घेतले. मी पायरीवर टेकलो. ती सोलत राहिली. मी समोरच्या रस्त्यावरची माणसं बघत राहिलो. तास-दोन तास आम्ही तसे बसलो. मग मी उठलो, "येतो" म्हणालो, ती "हं" म्हणाली.

घरी आल्यावर अनघानं विचारलं, "काय म्हणाल्या आत्या?"

"काही नाही."

"इतक्या लांब गेलास, चहा तरी विचारला का?"

"नाही विचारला," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की तो दिसू नये म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.